डेडलिफ्टमधील खुब्यांची स्थिती

जमिनीवर स्थिर असलेला बारबेल, गुडघे व खुबे सरळ होऊन ताठ उभे राहीपर्यंत उचलणे म्हणजे डेडलिफ्ट. पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत स्क्वॉट व बेंच प्रेसनंतर हा प्रकार येतो. ४५ सेंमी. व्यासाच्या प्लेट लावल्यावर दांड्याचा मध्य जमिनीपासून २२.५ सेंमी. उंचीवर येतो. उंच असो वा ठेंगणा, प्रत्येकाला सुरुवात तेथूनच करावी लागते. त्यामुळे खुब्यांच्या उंचीचे एकच माप सांगणे व्यर्थ आहे.

दांडा पावलाच्या मध्यावर, नडग्या त्याला टेकलेल्या आणि खांदे किंचित पुढे, एवढे साधले की मांडी, धड व हात यांच्या लांबीवरून खुब्यांची जागा ठरते. लांब मांडीच्या माणसाचे धड अधिक आडवे दिसते. तो दोष नव्हे. नवशिके बहुधा बैठक मारल्यासारखे खुबे फार खाली नेतात. मग नडग्या दांड्याला पुढे ढकलतात आणि जोर लावताच दांडा हलण्याआधी खुबे वर उसळतात. खुबे फार उंच ठेवल्यास पायांचा जोर वाया जाऊन भार पाठीवर येतो.

सुधारणेसाठी आधी दांड्यावरचे वजन उतरवावे, हे अनेकांना रुचत नाही. हात सरळ ठेवून दांडा ताणून घ्यावा, काखा आवळाव्यात. दांडा जमिनीवरून सुटताच क्षणभर थांबण्याचा सराव विशेष उपयोगी. सुमो पद्धतीत पाय फाकवल्याने खुबे दांड्याजवळ येतात व धड उभे राहते. कोणत्याही पद्धतीत, उचल पूर्ण होताना मागे झुकू नये.

शरीराची ठेवण वेगळी असली म्हणून डेडलिफ्ट अडत नाही: अमेरिकेचे लामार गँट यांनी कण्याला बाक असूनही १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट वजन उचलले.