सायलेन्सरमधली माती

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये हवा मोजणारं सरकारी केंद्र आहे. हिवाळ्यात तिथले आकडे टीव्हीवर झळकतात. त्याच वसाहतीत ओळीने उभ्या पेट्रोल गाड्यांच्या पोटाखाली धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १ एप्रिल १९९५ पासून दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला.

सायलेन्सरचोरीच्या बातम्यांत हमखास येते ती 'मौल्यवान माती' या डब्यातली. चोरांचा डोळा प्लॅटिनम-पॅलेडियमवर. पण मातीचंही घराणं काही लहान नाही. तिच्यात सिरियम आणि झिर्कोनियम यांचं मिश्र ऑक्साइड असतं.

सिरियमची आपली जुनी ओळख वरातीतल्या गॅसबत्तीमुळे. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअरने १८८५ च्या सुमारास केलेली बत्तीची पहिली जाळी ठिसूळ, उजेड हिरवट; धंदा बसला. १८९१ मध्ये प्रमाण जमलं : ९९ भाग थोरियम ऑक्साइड, १ भाग सिरियम ऑक्साइड. मिठासारखंच हे; सिरियम जास्त पडलं की उजेड उतरतो. या जाळ्यांसाठी लागणारी मोनाझाइट वाळू १९०९ मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली.

गाडीत सिरियम ऑक्साइडला कोठीवाल्याचं काम : धुरात ऑक्सिजन जादा असला की साठवायचा, कमी पडला की सोडायचा. त्यासाठी कण नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके बारीक हवेत, म्हणजे पृष्ठभाग भरपूर मिळतो. पण बारकाईची खोडही मोठी. दमट हवेत खडीसाखरेआधी पिठीसाखरेची गुठळी होते ना, तसं. हजार अंशांच्या आसपास नुसत्या सिरियम ऑक्साइडचे कण एकमेकांना चिकटून जाडे होतात आणि कोठी बंद पडते.

१९९० च्या दशकात त्यात झिर्कोनियम आलं. त्याचा आयन लहान. सिरियमच्या जागी बसताना स्फटिकाची रचना जराशी वाकते, आतल्या ऑक्सिजनलाही वाट मिळते आणि कण सहजी वाढत नाहीत. मात्र प्रमाण चुकलं किंवा मिसळण कच्चं राहिलं, तर तापल्यावर दोघे वेगळी चूल मांडतात.

गंमत म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडला लहानपण मानवतं. सुमारे ११७० अंशांच्या वर मिळणारी त्याची रचना ३० नॅनोमीटरहून बारीक कणांत साध्या तापमानालाही टिकते, हे संशोधक गार्वी यांनी १९६५ मध्येच दाखवलं होतं.

तेव्हा गॅरेजमध्ये कुणी 'कन्व्हर्टरमधली जाळी काढून टाकू, पिकअप वाढेल' म्हणालं, तर काढू देऊ नका.