अन्नसाखळीची कुळकथा

कोणता प्राणी कोणाला खातो, हे माणूस फार पूर्वीपासून पाहत आला आहे. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिझने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात याची दखल घेतली, तर १८८१ साली कार्ल सेंपर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने हजार भाग वनस्पतींवर शंभर भाग शाकाहारी आणि त्यांच्यावर दहा भाग मांसाहारी प्राणी पोसले जातील, असा हिशेबही मांडला. तरी अन्नसाखळीचे शास्त्र १९२०च्या दशकातले मानावे असे मला वाटते. भक्ष्य-भक्षकाची जोडी ओळखणे वेगळे आणि एका ठिकाणचा सगळा जीवसमुदाय त्या नात्यांनी कसा बांधला आहे ते मांडून दाखवणे वेगळे. त्यासाठी जिथे जीवच थोडे आहेत अशी जागा लागली.

ती जागा उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन आणि बेअर आयलंड या बेटांवर मिळाली. ऑक्सफर्ड विद्यापीठाची मोहीम १९२१ साली तिकडे गेली, तिच्यात चार्ल्स एल्टन हा विद्यार्थी होता. उष्ण कटिबंधातल्या जंगलात हजारो जातींच्या गर्दीत हरवणारी नाती या उघड्या टुंड्रावर मोजकी आणि ठळक होती. ध्रुवीय कोल्हा उन्हाळ्यात पक्षी खातो. हिवाळ्यात पक्षी निघून गेले की ध्रुवीय अस्वलाने मारलेल्या सीलचे उरलेसुरले मांस, अगदी अस्वलाची विष्ठासुद्धा खाऊन तगतो. म्हणजे जमिनीवरच्या या प्राण्याचे पोट समुद्राशी जोडलेले आहे. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून नत्र जमिनीला मिळते आणि तिथल्या वनस्पती त्यावर वाढतात. वनस्पतितज्ज्ञ समरहेज यांच्यासह एल्टनने १९२३ साली ही नाती एका आकृतीत मांडली, आणि १९२७च्या ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ या ग्रंथात त्यांतून सर्वसाधारण नियम काढले.

निसर्गात साखळी नसते, जाळे असते, असा आक्षेप नेहमी येतो. पण १९२३ची ती आकृती जाळ्याचीच होती. साखळी म्हणजे त्यातून उचललेला एक धागा. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एल्टनच्या मांडणीत भक्ष्य पुष्कळ आणि भक्षक थोडे, असा संख्येचा मनोरा उभा राहतो. पण एका झाडावर हजारो अळ्या असल्या की तो उलटा होतो. हा आक्षेप रास्तच आहे. त्यातून वाट काढली रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाने. मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक या छोट्या तळ्यातले जीव त्याने नगांनी न मोजता उष्मांकांत मोजले. तळ्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला जेमतेम ०.१ टक्का वनस्पती साठवत होत्या, त्यातला १३.३ टक्के भाग शाकाहारी जीवांकडे, आणि त्यांच्याकडचा २२.३ टक्के मांसाहारी जीवांकडे जात होता. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर सिद्धांत कसा उभारता, असे म्हणून परीक्षकांनी यावरचा त्याचा लेख नाकारला. येल विद्यापीठाच्या हचिन्सन यांनी पाठपुरावा केल्यावर तो १९४२ साली छापला गेला, पण त्याच्या काही महिने आधी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, लिंडमन वारला होता. आकड्यांबद्दल परीक्षकांची शंका चुकीची नव्हती. प्रत्येक पायरीवर दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते, हा पाठ्यपुस्तकातला नियमही ढोबळच आहे, हे या तळ्याच्याच आकड्यांवरून दिसते. लिंडमनचा युक्तिवाद मात्र त्या आकड्यांवर अवलंबून नव्हता. प्रत्येक जीव श्वसनात ऊर्जा खर्च करतो आणि ती उष्णता होऊन निघून जाते. म्हणून वरच्या पायरीला खालच्यापेक्षा कमीच मिळते. संख्येचा मनोरा उलटा होऊ शकतो, वर्षभराच्या ऊर्जेचा होत नाही. चार-पाच कड्यांनंतर आणखी एक शिकारी पोसण्याइतके सहसा काही उरत नाही.