दोन फुल

शिरूर आगारात मी वाहक होतो. गाडीत चढलेलं कुटुंब आम्हाला तोंडावरून नाही, तिकिटावरून ओळखू येतं. पाच वर्षांच्या आतलं पोर मांडीवर, फुकट. पाच ते बारा, हाफ. यातलं काहीच न मागता तरणा नवरा खाली मान घालून ‘दोन फुल’ म्हणाला आणि शेजारी बसलेली बायको फलाटावर आजीच्या कडेवर रडणाऱ्या पोराकडे बघत राहिली, की समजायचं, हे दोघंच निघालेत. अशा वेळी मी डबल बेल जरा लवकर द्यायचो. उशीर केला तर बाई उतरून जाते.

आमच्या शिरूर-दौंडकडे संसारी जोडप्याला असं निघायला पिढ्यानपिढ्या देवाचंच निमित्त लागलं. लग्न झालं की जोडीनं जेजुरी. तिथं नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागं आख्खं वऱ्हाड असतं, त्यामुळे ‘दोघंच’ असं काही म्हणता येत नाही. पोर झाल्यावर जावळ, नवस, कुलदैवत, म्हणजे पुन्हा गाडीभर माणसं. पुरुषाला मात्र एकट्याला बाजार होता, कुस्त्यांचा फड होता, तमाशा होता. पुढं चौफुल्याला कला केंद्रं झाली. तिथून रात्री परतणाऱ्या गाडीत मला बाईमाणूस क्वचितच दिसलं. त्यावर अधिक बोलत नाही.

दौंडला रेल्वे फार आधी आली. मनमाडकडचा फाटा 1878 सालचा, बारामतीची छोटी गाडी 1914 ची. रेल्वे कॉलनीतल्या माणसाला पास मिळायचा, पण पास निघाला की आई, वडील, पोरं, वळकट्या, सगळंच निघायचं. शिरूरला, म्हणजे आमच्या घोडनदीला, रूळ कधी आलेच नाहीत. इथं जे काही बदललं ते रस्त्यानं. 1 जून 1948 ला राज्यातली पहिली एसटी नगरहून पुण्याला सुटली ती शिरूरवरूनच गेली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आमच्या धंद्यात ही नावं देवासारखी घेतात.

त्या गाडीनं नवरा-बायकोला काय दिलं म्हणाल तर वेळापत्रक. बैलगाडीनं किंवा पायी रांजणगावला गेलेला माणूस कधी परतेल हे कोण सांगणार? पण एसटीनं जाणारी सून सासूला छातीठोक सांगू शकली, ‘सहाच्या गाडीनं येते.’ तान्ह्याचं दूध कधी, रात्रीचा स्वयंपाक कोणाकडं, सगळं त्या सहावर ठरायचं. गाडी पंक्चर झाली की प्रवासी मला शिव्या देत. या बायका मात्र शिव्या देत नसत, नुसत्या घड्याळ बघत.

संकष्टीला खरी गर्दी दौंडहून सिद्धटेकला. देऊळ भीमेच्या पलीकडं, कर्जत तालुक्यात. पूल होण्याआधी शिरापूरला उतरायचं आणि होडीनं पार व्हायचं. आई-बाबा मला आत्याकडं ठेवून तिथं जात. नंतर मोठा झाल्यावर मी पाहिलं तेव्हा त्यातली गोम कळली. गाभारा अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला, गणपती उजव्या सोंडेचा, म्हणून कडक. पण तिथली प्रदक्षिणा देवळाभोवती घालून भागत नाही, आख्खी टेकडी फिरावी लागते. हरिपंत फडक्यांनी एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि गेलेली सरदारकी परत मिळाली, असं सांगतात. आमच्या मंडळींना सरदारकी नको होती. बाभळीच्या काट्यांतून चपला हातात घेऊन अर्धा तास चालायचं, नवरा पुढं, बायको दोन पावलं मागं, आणि टेकडीआड गेल्यावर दोघं बरोबरीनं. घरात पडवीत दीर, माजघरात सासू. मोठ्यांसमोर नवऱ्याशी थेट बोलायची सोय नाही. थोरल्याची फी, धाकट्याचा खोकला, वाटणीचं काय ठरलं, हे सगळं आई त्या वाटेवर बोलून घ्यायची. बाबा हूं हूं करत चालायचे. उपास दोघांचाही, पण चंद्रोदयाला दोघं घरी असत.

1979 ला ‘अष्टविनायक’ सिनेमा आला आणि चित्र पालटलं. आठही गणपती एकाच फेरीत करायची टूम निघाली. आठ गणपती म्हणजे एक रात्र बाहेर, बहुधा ओझरच्या मुक्कामी. ओझरला भक्तनिवासात खोली घेतलेलं जोडपं लहान पोरांना घरी ठेवून आलं, तरी कोणी नावं ठेवू शकत नव्हतं. देवाला गेलेत म्हटल्यावर विषय संपला. पुढं आमच्याच तालुक्यात मोराची चिंचोली पर्यटनाला खुली झाली. हुरडा, चिंचेची झाडं, पहाटे मोर. तिथं पुण्याची जोडपी देव न सांगताही येऊन राहतात, हे बघून गावच्या म्हाताऱ्यांना पहिल्यांदा कोडं पडलं होतं.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं. म्हणजे ते ‘दोन फुल’ आता मशीनमधून निघतच नाही. एक फुल आणि एक महिला. सवलत सुनेला तशी सासूलाही. परवा शिरूर स्टँडवर एक पोरगा बायकोला घेऊन सिद्धटेकसाठी दौंडची गाडी धरायला उभा होता. पोरं आजीकडं द्यायची म्हणून आजीला फोन लावला, तर आजी भजनी मंडळाबरोबर लेण्याद्रीला गेलेली. शेवटी पोरांसकट चढले. मांडीवर एक, हाफ एक.