जुन्या मसल कारसाठी शॉकअप निवडताना नेमकं काय बघायचं?

'फास्ट अँड फ्युरियस'मधली काळी १९७० ची डॉज चार्जर आठवते? बॉनेटमधून बाहेर आलेला सुपरचार्जर आणि हवेत उचललेली पुढची चाकं. या गाड्यांवरचं कुठलंही रील उघडा, खाली कमेंट्समध्ये चर्चा एकाच गोष्टीची असते. इंजिन किती लिटरचं आणि हॉर्सपॉवर किती.

पण ती ताकद रस्त्यावर उतरवायचं आणि गाडी वळणावर ताब्यात ठेवायचं काम ज्या पार्टकडे असतं, त्याच्यावर रील कुणी काढत नाही. तो पार्ट म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. आपल्या गॅरेजच्या भाषेत शॉकअप.

मसल कार म्हणजे काय, हे आधी दोन ओळींत. १९६४ मध्ये पॉन्टिअ‍ॅक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि जीटीओ हे नाव दिलं. ताकद ३२५ हॉर्सपॉवरपासून सुरू. मग सगळ्याच अमेरिकी कंपन्या या शर्यतीत उतरल्या. इंजिनं मोठी होत गेली, पण खालचं सस्पेन्शन बऱ्याचदा साध्या घरगुती गाडीचंच राहिलं. आज या गाड्या पन्नाशी-साठीच्या आहेत आणि अमेरिकेत हजारो लोक त्या स्वतःच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करून चालवतात. डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये त्यांची जत्राच भरते. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर विचारून बघा.

अशा गाडीवर पैसे खर्च होतात ते आधी इंजिनावर, मग रंगावर, मग चाकांवर. शॉकअपची वेळ येते तेव्हा खिसा रिकामा झालेला असतो, आणि मग जे स्वस्त मिळेल किंवा जे सगळ्यांत कडक असेल ते लागतं. दोन्ही निवडी गाडीला धोकादायक बनवू शकतात.

शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही

हा गैरसमज आधी काढायला हवा. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. कॅमेरो किंवा मस्टँगसारख्या गाडीत पुढे गोल गुंडाळलेली कॉइल स्प्रिंग असते आणि मागे पाटे. होय, आपल्या ट्रकला असतात तसेच पाटे. क्रायस्लर गटाच्या गाड्यांमध्ये, म्हणजे चार्जर, चॅलेंजर, रोडरनर वगैरेंमध्ये, पुढे कॉइलऐवजी टॉर्शन बार असतो. ही एक लांब पोलादी सळई असते आणि ती पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करते.

आता स्प्रिंगचा स्वभाव असा की ती दाबली की तेवढ्याच जोराने परत उसळते. मग पुन्हा दबते, पुन्हा उसळते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवली तर एका खड्ड्यानंतर ती बराच वेळ झोके खात राहील. ते झोके थांबवायचं काम शॉकअप करतो. आत तेल असतं, तेलात पिस्टन असतो आणि पिस्टनला बारीक वाटा आणि व्हॉल्व्ह असतात. चाक वर-खाली झालं की पिस्टनला तेलातून वाट काढावी लागते. त्या झगड्यात उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळेच.

हा विरोध दोन दिशांना असतो. चाक वर येताना शॉकअप दाबला जातो, चाक खाली जाताना तो उघडतो. रस्त्यावरच्या गाडीत साधारणपणे उघडतानाचा विरोध जास्त ठेवतात, कारण दाबताना साठलेली स्प्रिंगची सगळी ताकद तेव्हा बाहेर पडत असते.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न 'कुठला ब्रँड' हा नाहीच. पहिला प्रश्न आहे, 'गाडीत आत्ता कुठली स्प्रिंग आहे?' पन्नास वर्षांत गाडी किती हातांतून गेली असेल! कुणी पाटे बदललेले असतात, कुणी स्प्रिंग कापून गाडी खाली बसवलेली असते, कुणी छोट्या व्ही-८ च्या जागी मोठं, वजनदार इंजिन टाकलेलं असतं. कॅटलॉगमध्ये शॉकअप मात्र कंपनीतून निघालेल्या गाडीसाठी दिलेला असतो. हिशेब साधा आहे. वजन तेवढंच ठेवून स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर झोके पूर्वीसारखेच आवरायला शॉकअपचा विरोध दुप्पट नाही, साधारण १.४ पट लागतो. म्हणजे स्प्रिंग बदलली तर शॉकअपही बदलायला हवा, पण लोक समजतात तेवढा नाही.

सगळ्यांत कडक घेतला तर?

तर गाडी रेसिंग कारसारखी वाटेल, पण फक्त गुळगुळीत रस्त्यावर. उंचवटा आला की अतिकडक शॉकअप चाकाला वर यायलाच देत नाही. मग चाकाऐवजी अख्खी गाडी उसळते आणि टायर क्षणभर जमीन सोडतो. ज्या क्षणी टायर जमिनीवर नाही, त्या क्षणी ब्रेकही नाही आणि स्टीअरिंगही नाही.

उघडतानाचा विरोध फार असेल तर वेगळाच त्रास होतो. एकामागोमाग एक उंचवटे आले की चाकाला खाली यायला वेळ मिळत नाही. दर धक्क्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी स्प्रिंगला हलायला जागाच उरत नाही. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग गेली. दोष असतो शॉकअपचा.

उलट फार मऊ किंवा संपलेला शॉकअप असेल तर गाडी होडीसारखी डोलते, ब्रेक मारला की नाक खाली खुपसते आणि टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजतो. बाहेरून बघताना शॉकअपवर तेलाचा पुसट थर असेल तर घाबरू नका. ओघळ किंवा थेंब दिसले तर तो गेला समजा.

कॅमेरोची गोष्ट

शॉकअप किती महत्त्वाचा, हे खुद्द शेवरलेला कसं कळलं, ते बघा.

कॅमेरो आली १९६७ च्या मॉडेल वर्षात. मागे प्रत्येक बाजूला एकच पाता असलेला पाटा होता. आरामदायी आणि हलका. पण मोठ्या इंजिनाच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागचा एक्सल स्वतःभोवती पिळला जायचा आणि त्याच्यासोबत तो पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकायचा. टायरची पकड सुटली की पाटा सरळ व्हायचा, मग टायर पुन्हा पकड घ्यायचा, पाटा पुन्हा वाकायचा. हे सगळं सेकंदात कितीतरी वेळा. मागची चाकं रस्त्यावर अक्षरशः धडधड नाचायची. याला व्हील हॉप म्हणतात. यात टायरची पकड जातेच, पण एक्सल आणि ड्राइव्हशाफ्टही मोडू शकतो.

दोन्ही शॉकअप एक्सलच्या एकाच बाजूला असल्यामुळे हा पीळ त्यांना नीट आवरता येत नव्हता. म्हणून १९६८ ला कंपनीने जागा बदलली. एका बाजूचा शॉकअप एक्सलच्या पुढे, दुसऱ्या बाजूचा मागे. आता एक्सल कुठेही पिळला तरी एक शॉकअप दाबला जाणार आणि दुसरा ताणला जाणार. जास्त ताकदीच्या मॉडेलना सोबत अनेक पात्यांचे पाटेही दिले.

याचा आजच्या मालकाला काय उपयोग? असा की १९६७ आणि १९६८ ची कॅमेरो बाहेरून जवळपास सारखी दिसते, पण 'पहिल्या पिढीची कॅमेरो' एवढंच सांगून मागचे शॉकअप मागवले तर ते बसतीलच असं नाही. वर्ष कुठलं, आणि पाटा एका पात्याचा की अनेक पात्यांचा, हे गाडीखाली वाकून बघूनच ऑर्डर द्यायची. कागदपत्रांवर विसंबू नका. मधल्या काळात कुणी पाटे बदलले असतील तर आरसी बुकात ते लिहिलेलं नसतं.

दोन नळ्यांचा की एका नळीचा

बाजारात मुख्य प्रकार दोन. पहिल्यात नळीच्या आत नळी असते. आतल्या नळीत पिस्टन चालतो आणि जास्तीचं तेल बाहेरच्या नळीत जातं. हा स्वस्त, मऊ आणि टिकाऊ. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांवर मूळचे हेच होते. याची अडचण अशी की सतत धक्के बसले की तेलात हवा मिसळते, फेस होतो आणि फेसाला विरोध करता येत नाही. म्हणून हल्ली यात कमी दाबाचा नायट्रोजन भरतात. रविवारी फेरफटका मारणाऱ्या गाडीला एवढं पुष्कळ आहे.

दुसऱ्यात एकच नळी असते. तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक सरकता पिस्टन असतो, त्यामुळे फेस होत नाही आणि उष्णता थेट बाहेर जाते. फ्रेंच इंजिनिअर दि कार्बों यांची ही कल्पना बिल्श्टाइन कंपनीने १९५७ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांवर आणली. घाटात, ट्रॅकवर किंवा जोरात चालवणाऱ्यांसाठी हा चांगला. पण आतल्या दाबामुळे दांडा सतत बाहेर ढकलला जातो आणि गाडी किंचित वर उचललेली दिसू शकते. शिवाय नळीला पोचा पडला तर पिस्टन थेट तिथेच अडकतो, कारण मध्ये दुसरी नळी नाही.

माझं मत विचाराल तर मूळ स्प्रिंगवर असलेल्या, महिन्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या गाडीला महागड्या एका नळीच्या शॉकअपची गरज नसते.

९०/१० म्हणजे काय भानगड?

ड्रॅग रेसिंगच्या कॅटलॉगमध्ये ५०/५०, ७०/३०, ९०/१० असे आकडे दिसतात. ९०/१० म्हणजे दाबायला खूप जड, उघडायला एकदम हलका. हा पुढे लावतात. गाडी सुटताना नाक झटकन वर येतं, वजन मागच्या चाकांवर जातं, पकड वाढते आणि नाक सावकाश खाली येतं. क्वार्टर माइलच्या सरळ पट्टीवर झकास. रस्त्यावर मात्र उंचवटा आला की असा शॉकअप पुढचा भाग वर ढकलतो आणि त्याला खाली रोखायला विरोधच नसतो. जुनी रेसची गाडी विकत घेतली असेल तर आधी हे तपासा.

वळणांवरची गाडी हवी असेल तर १९६५ ची शेल्बी जीटी३५० बघा. साध्या मस्टँगची शेल्बीने ट्रॅकसाठी गाडी बनवली तेव्हा अ‍ॅडजस्ट करता येणारे कोनीचे शॉकअप लावलेच, पण सोबत पुढच्या वरच्या कंट्रोल आर्मची जागा एक इंच खाली आणली. म्हणजे शॉकअप एकटा बदलला नाही, चाकाची चालच बदलली. आज अ‍ॅडजस्टेबल शॉकअप घेताना नॉब कुठे आहे तेही बघून घ्या. काहींना गाडीवर असतानाच फिरवता येतं. काही जुन्या पद्धतीचे खोलून, पूर्ण दाबून मग फिरवावे लागतात आणि हे काम कुणी दर रविवारी करत नाही.

लांबी मोजली का?

गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या पकडीतलं अंतर मोजा. समजा नवा शॉकअप पूर्ण उघडल्यावर २० इंच आणि पूर्ण दाबल्यावर १२ इंच आहे. तर उभ्या गाडीत तो १६ च्या आसपास असावा, म्हणजे दोन्हीकडे हलायला जागा राहते. तीच गाडी दोन इंच खाली बसवलेली असेल तर दाबायला दोनच इंच उरतात. मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटेल आणि आतून फुटेल. रबरी बम्प स्टॉप त्याच्या आधी टेकला पाहिजे.

आणि एअर शॉकचा मोह टाळा. सत्तरच्या दशकात मागे रुंद टायर बसावेत म्हणून हवा भरून गाडीची मागची बाजू उचलायची फॅशन होती. पण मग गाडीचं वजन शॉकअपच्या पकडीवर येतं आणि तिथला पत्रा त्यासाठी बनवलेलाच नसतो. त्याला तडे जातात. मागे कॉइलओव्हर लावतानाही हाच प्रश्न येतो, तिथे आधी क्रॉसमेंबर मजबूत करून घ्यावा लागतो.

बसवायच्या आधी सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट बघा. ते झिजले असतील तर नवा शॉकअपही जुन्यासारखाच वाटेल. शॉकअप एका एक्सलवर नेहमी जोडीनेच बदला. दोन नळ्यांचा असेल तर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-उघडा, म्हणजे पडून असताना आत शिरलेली हवा वर जाते, आणि तो उलटा बसवू नका. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जॅकवरून खाली, चाकांवर आल्यावर. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि फाटतं. शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा एकदा पान्याने तपासा.