एका 'आय'ची गोष्ट : पीएचपी, मायएसक्यूएल आणि वसईचे डिसोझा

आजचा भाग एका अक्षराबद्दल आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कमी पैशात वेबसाइट उभी करायची, तर पीएचपी आणि मायएसक्यूएल ही जोडी ठरलेली. दोन्ही फुकट. पीएचपीतून डेटाबेसशी बोलायला फंक्शन्सचा एक संच होता, त्यातली सगळी नावं 'मायएसक्यूएल'नं सुरू व्हायची. कनेक्ट करा, क्वेरी पाठवा, उत्तर उचला. झालं काम! पुस्तकांत तेच, क्लासच्या नोट्समध्येही तेच.

गोची अशी, की फॉर्ममध्ये भरलेलं नाव लोक सरळ क्वेरीच्या वाक्यात चिकटवायचे. आता वसईचे डिसोझा घ्या. बरेच जण इंग्रजीत आडनाव लिहिताना 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी देतात. एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह म्हणजे 'मजकूर संपला'. डेटाबेसला वाटतं नाव 'डी'वरच संपलं, आणि उरलेला 'सोझा' तो हुकूम म्हणून वाचायला जातो. एरर! डिसोझा बिचारे फॉर्म परत भरतात. पण त्याच जागी कुणी मुद्दाम खरा हुकूम लिहिला तर? पासवर्डशिवाय लॉगिन, नाहीतर अख्खं टेबल गायब. हेच एसक्यूएल इंजेक्शन. १९९८ सालीच 'फ्रॅक' या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात ही युक्ती छापून आली होती.

यावर उपाय म्हणून आधी 'एस्केप स्ट्रिंग' नावाचं फंक्शन होतं. ते कनेक्शनची लिपी, म्हणजे कॅरेक्टर सेट, बघायचंच नाही. मग आलं 'रिअल एस्केप स्ट्रिंग'. रिअल! म्हणजे आधीचं काय खोटं होतं का? आणि हे फंक्शनसुद्धा प्रत्येक ठिकाणी आठवणीनं लावायचं. एक जागा सुटली की दार उघडं.

खरा इलाज मायएसक्यूएल ४.१ मध्ये आला : प्रिपेअर्ड स्टेटमेंट. आधी वाक्याचा साचा पाठवायचा, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं, आणि नाव मागून वेगळं द्यायचं. मग नाव हे नावच राहतं. जुन्या संचाला हे जमत नव्हतं. म्हणून जुलै २००४ मध्ये पीएचपी ५ सोबत 'मायएसक्यूएलआय' आलं. शेवटचा 'आय' म्हणजे इम्प्रूव्ह्ड, सुधारलेलं. पुढच्याच वर्षी, पीएचपी ५.१ सोबत, पीडीओ आलं. त्यात पोस्टग्रेस, एसक्यूलाइट अशा कुठल्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीनं बोलता येतं. (एसक्यूएलची बोली मात्र ते बदलून देत नाही हं.)

तरी जुनं काही सुटेना. जून २०१३ मध्ये पीएचपी ५.५ नं 'हे वापरू नका' असा इशारा द्यायला सुरुवात केली आणि ३ डिसेंबर २०१५ ला आलेल्या पीएचपी ७ मधून जुना संच काढूनच टाकला. सर्व्हर अपग्रेड केला की जुन्या साइट कनेक्टच्या ओळीवरच बंद!

मग लोकांनी काय केलं? फाइंड-अँड-रिप्लेस. सगळीकडे नुसता 'आय' जोडला. तेवढ्यानंही भागलं नाही, कारण जुन्या क्वेरी फंक्शनला आधी वाक्य लागायचं आणि मग कनेक्शन. नव्याला बरोबर उलटं. ते उलटसुलट करून साइट सुरू झाल्या, लोक निर्धास्त झाले. पण नाव अजून वाक्यातच चिकटवलेलं! लायब्ररी नवी, भोक तेच. नव्या लायब्ररीवर गेलो म्हणजे सुरक्षित झालो, हा समज मला जुन्या कोडपेक्षा जास्त धोकादायक वाटतो. पीडीओमध्येसुद्धा वाक्य जोडून-जोडून बनवलं, तर डिसोझा अडकणारच.

मग दोघांतलं कुठलं? बरीच वर्षं माझं उत्तर पीडीओ होतं, कारण मायएसक्यूएलआयमध्ये प्रत्येक मूल्याचा प्रकार अक्षरांनी सांगत बसावं लागायचं आणि कंटाळून लोक परत चिकटवायला लागायचे. डिसेंबर २०२२ च्या पीएचपी ८.२ मध्ये मात्र 'एक्झिक्यूट क्वेरी' आलं : साचा आणि मूल्यांची यादी, एका ओळीत. आता चालू प्रोजेक्ट मायएसक्यूएलआयवर असेल तर मी तो हलवणार नाही. कोरी फाइल उघडली असेल तर पीडीओ घेईन. आणि दोन्हीकडे टेस्टिंगसाठी पहिलं नाव भरेन ते डिसोझांचं, अपॉस्ट्रॉफीसकट.