प्लॅटिनमचे औषध आणि मेदाची पिशवी

वणीचा कर्करुग्ण उपचारासाठी बहुधा नागपूरची वाट धरतो. तिथे सिस्प्लॅटिन द्यायचे ठरले, की औषधाच्या आधी आणि नंतरही सलाइनच्या बाटल्या चढतात. सोबत आलेल्या घरच्या माणसाला प्रश्न पडतो, एवढे पाणी कशाला? ते मूत्रपिंडांसाठी. या औषधात प्लॅटिनम हा धातू असतो, आणि तो गाठीवर घाव घालतो तसा मूत्रपिंडांनाही सोडत नाही.

हा पदार्थ तसा जुना. एकोणिसाव्या शतकात इटालियन रसायनज्ञ मिकेले पेरोने यांनी तो तयार केला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याचा औषध म्हणून कुणी विचारच केला नाही. अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले. ते दोऱ्यासारखे नुसतेच लांबत गेले. करामत विजेची नव्हती! प्रवाहासाठी बसवलेल्या प्लॅटिनममधून थोडा धातू द्रावणात उतरला होता. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसले, की लेसिथिन पाण्यात मिसळले तर त्याच्या अतिसूक्ष्म पिशव्या बनतात. याच लायपोसोम. लेसिथिन अंड्याच्या बलकात असते, तसेच वणीच्या बाजारात पोत्यांनी येणाऱ्या सोयाबीनमध्येही. अशा पिशवीत जहाल औषध भरले तर?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्लीच्या प्रा. बच्छावत यांच्या साथीने हा मार्ग चोखाळला, पण तो बुरशीवरच्या अँफोटेरिसिनसाठी. हेही औषध मूत्रपिंडांना जाचकच. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या वेळी ‘लायपोसोमल’ इंजेक्शनसाठी धावाधाव केलेल्यांना हा शब्द नवा नाही.

मग प्लॅटिनमचे काय झाले? १९९० च्या दशकात ‘एसपीआय-७७’ नावाने सिस्प्लॅटिन पिशवीत भरले गेले. त्या पिशवीतला मुख्य मेद सोयाबीनपासूनच बनवलेला होता. मूत्रपिंडे बचावली, प्लॅटिनम गाठीपर्यंतही पोचले, पण गाठी फारशा हटल्या नाहीत. पिशवी इतकी पक्की होती, की औषध बाहेर पडेना. पत्र दारापर्यंत आले, पाकीट मात्र फुटलेच नाही.

गाठीजवळच्या उष्णतेने किंवा आम्लतेने उघडणाऱ्या पिशव्यांवरही काम झाले. नेहमीच्या उपचारात मात्र सिस्प्लॅटिन अजून उघडेच दिले जाते, आणि वणीहून आलेला माणूस खाटेशेजारी बसून सलाइनची बाटली संपायची वाट पाहतो.