जोशी, गजाननराव अनंत

(३० जानेवारी १९११ – २८ जून १९८७). हिंदुस्थानी संगीतातील ख्यातनाम व्हायोलिनवादक, गायक व गुरू. गळ्यातला ख्याल व्हायोलिनच्या गजावर उतरवणाऱ्या पहिल्या पिढीतील अग्रणी कलावंत. संगीतविश्वात ते ‘गजाननबुवा’ या नावाने ओळखले जातात. जन्म मुंबईचा, तरी त्यांच्या घराची मुळे सातारा जिल्ह्यात होती. वडील अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा हे किन्हईचे. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचे ते शिष्य होते. औंध संस्थानचे दरबारी गायक म्हणूनही त्यांचा लौकिक होता. १९५५ मध्ये अंतूबुवांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

गजाननबुवांची पहिली तालीम घरातच झाली. ग्वाल्हेर गायकीतील अष्टांगप्रधान मांडणी, बंदिशीची शिस्त आणि तानेची सफाई त्यांना वडिलांकडून मिळाली. पुढे त्यांनी पं. रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन घेतले. कोल्हापूरच्या उस्ताद अल्लादिया खाँ यांचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौली गायकीचा, तर उस्ताद विलायत हुसेन खाँ यांच्याकडे आग्रा गायकीचा अभ्यास केला. एका घराण्याची चौकट ओलांडणे त्या काळी सहज मानले जात नव्हते. गजाननबुवांनी तीन घराण्यांची विद्या गुरूंपुढे बसून, रीतसर मिळवली. म्हणूनच त्यांच्या गाण्यात ग्वाल्हेरचा सरळ, भरदार स्वर, जयपूरची पेचदार स्वरगुंफण आणि आग्र्याचा लयीशी चाललेला खेळ एकजीव झालेला दिसतो.

व्हायोलिन हे मूळचे युरोपीय वाद्य. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनी ते कर्नाटक संगीतात आणले. उत्तरेकडे मात्र त्याला मैफलीचे स्वतंत्र वाद्य म्हणून मान मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. युरोपीय परंपरेत वादक लिहिलेली रचना वाजवतो. हिंदुस्थानी वादकापुढे स्वरलिपीचा कागद नसतो, त्याला राग तिथल्या तिथे उलगडावा लागतो. बसण्याची पद्धतही वेगळी. वादक मांडी घालून बसतो, वाद्याचा माथा पायाच्या घोट्याजवळ टेकवतो. त्यामुळे डावा हात वाद्याचा भार पेलण्यातून मोकळा होतो आणि बोट तारेवर लांबवर घसरत नेता येते.

याच मोकळेपणातून गजाननबुवांची वादनशैली आकाराला आली. व्हायोलिनला पडदे नसतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या श्रुतींना स्पर्श करणारी मींड त्यावर गळ्याइतकी अखंड निघते. गज हाच वादकाचा श्वास. तो किती लांब ओढायचा, कुठे उलटायचा, दाब कुठे कमी करायचा, यावर बंदिशीचे शब्द श्रोत्याला ‘ऐकू येणे’ अवलंबून असते. गजाननबुवा विलंबित ख्याल वाजवताना स्थायी-अंतरा पूर्ण मांडत, मुखडा गायकासारखा समेवर आणत, आलापाची बढत आणि बोलतानांची फेक गजाच्या आघातांतून उभी करत. तंतवाद्यांवर रूढ असलेल्या गत-झाल्याच्या वळणाऐवजी गायकी अंगाने वाजवण्याचा हा मार्ग होता. आधी गायक असल्याशिवाय तो चालता येत नाही. त्यांना तो शक्य झाला, कारण वाजवलेली प्रत्येक चीज त्यांच्या कंठात आधीच वसलेली होती.

लयीवरील त्यांचे प्रभुत्व हा त्यांच्या कलेचा आणखी एक भक्कम आधार. तबल्याचाही त्यांचा अभ्यास होता. तालाचा हिशेब चोख ठेवूनही ते स्वराचा रस कमी होऊ देत नसत. वडिलांप्रमाणेच औंध संस्थानशी त्यांचे नाते राहिले. त्या काळी औंधची गादी भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याकडे होती. ते चित्रकार होते, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते होते आणि कलांचे आश्रयदाते होते. पुढे गजाननबुवांनी आकाशवाणीतही काम केले. १९७२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. वडील आणि मुलगा दोघांनाही हा सन्मान लाभला.

अंतूबुवांचे आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये गजाननबुवांनी औंध येथे संगीत महोत्सव सुरू केला. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या या छोट्या गावात देशातील नामवंत गायक-वादक सेवा म्हणून हजेरी लावू लागले. त्यामुळे मुंबई-पुण्याला जाऊन मैफली ऐकणे न जमणाऱ्या ग्रामीण श्रोत्यालाही अभिजात संगीत आपल्या भागात ऐकायला मिळाले. बुवांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी व शिष्यपरिवाराने हा महोत्सव पुढे चालवला. साताऱ्याच्या सांस्कृतिक जीवनाला मिळालेली ही मोठीच देणगी आहे.

गुरू म्हणून गजाननबुवांचे कार्य त्यांच्या मैफलींइतकेच मोलाचे आहे. गायक पं. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे आणि अरुण कशाळकर यांना त्यांची तालीम लाभली. व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर हेही त्यांचे शिष्य. पुत्र मधुकर जोशी यांनी व्हायोलिनची परंपरा जपली, तर नात अपूर्वा गोखले यांनी गायन पुढे नेले. कित्येक शिष्यांना त्यांनी तिन्ही घराण्यांची विद्या दिली. उल्हास कशाळकरांच्या गायनात ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा यांचा जो समतोल आढळतो, त्यामागे या तालमीचा मोठा वाटा आहे.

व्ही. जी. जोग आणि डी. के. दातार या महाराष्ट्रीय वादकांनीही विसाव्या शतकात हिंदुस्थानी व्हायोलिनला मानाचे स्थान मिळवून दिले. दातारांचा ओढा गायकी अंगाकडे होता, तर जोगांची ख्याती उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईबरोबरच्या जुगलबंदीसाठी आहे. या परंपरेत गजाननबुवांचे वेगळेपण असे, की गायक, वादक आणि गुरू या तिन्ही नात्यांनी ते सारख्याच अधिकाराने उभे राहिले. परक्या वाद्याला आपल्या रागसंगीताची वाणी देता येते, हे त्यांनी वाजवून सिद्ध केले. ती वाणी गळ्यातूनच शिकावी लागते, हे त्यांनी शिष्य घडवून दाखवले.